एक नाव, तीन जहाजं: ब्रिटिश आरमारातलं छोटं शिडाचं लढाऊ जहाज कसं ओळखावं

जुन्या नोंदींत 'हिज मॅजेस्टीज स्लूप व्हिक्टर' असा उल्लेख सापडला, तर कोणतं जहाज डोळ्यांपुढे आणायचं? डोलकाठ्या किती, तोफा किती, माणसं किती? मुंबई गोदीत बांधलेल्या जहाजांची माहिती जुळवायला घेतली, तेव्हा माझी पहिली मोठी चूक याच नावापाशी झाली. सप्टेंबर १८०१ मध्ये सेशेल्सच्या माहे बेटावर व्हिक्टरने 'फ्लेश' नावाच्या फ्रेंच जहाजाला गाठून संपवलं होतं. ती लढाई मी वहीत मुंबईच्या व्हिक्टरच्या खाती लिहून मोकळा झालो. मुंबईचं व्हिक्टर पाण्यात उतरलं १८१४ साली. म्हणजे जहाज जन्माला यायच्या तेरा वर्षं आधीची लढाई मी त्याच्या नावावर घातली होती.

ती चूक निस्तरताना जी पद्धत हाताला लागली, ती इथे पायरीपायरीने मांडतोय. साधारण १७५० ते १८४० या काळातल्या ब्रिटिश आरमाराला ती लागू पडते. मोठ्या जहाजांवर मराठीत बरंच लिहून झालंय. फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेलं वेगवान लढाऊ जहाज, त्याच्या खालची जहाजं मात्र अजून 'छोटी गलबतं' या एका शब्दात गुंडाळली जातात. पत्रं पोचवणं, किनाऱ्यावर पहारा ठेवणं, व्यापारी ताफ्यांना सोबत करणं, चाचेगिरी मोडणं ही सगळी कामं त्यांनीच केली. ट्रॅफल्गरच्या विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची बातमी इंग्लंडला आणली तीही एका स्कूनरने, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या छोट्या जहाजाने. लेफ्टनंट लापेनोतिएरचं 'पिकल' ४ नोव्हेंबर १८०५ ला फॅलमथला लागलं आणि तिथून तो घोडे बदलत बदलत लंडनला गेला. अशा जहाजाचं वर्णन तरी नेमकं असायला हवं.

पहिली पायरी: साल पक्कं करा

नावावर विसंबू नका. ब्रिटिश आरमार नावं पुन्हा पुन्हा वापरायचं. एक जहाज बुडालं, विकलं किंवा शत्रूच्या हाती गेलं, की तेच नाव दुसऱ्याला मिळे.

व्हिक्टरचंच बघा. पहिलं १७९८ चं, तीन डोलकाठ्यांचं. सेशेल्सची लढाई त्याचीच, आणि तेव्हा त्यावर कमांडर होता जॉर्ज राल्फ कोलियर. ते १८०८ साली विकलं गेलं. दुसरं मुळात सेंट मालोच्या रोबेर सुर्कूफचं 'रेव्हनां' हे खासगी लुटारू जहाज. मॉरिशसला फ्रेंच आरमाराने ते घेऊन त्याला 'इएना' नाव दिलं, ऑक्टोबर १८०८ मध्ये इंग्रजांनी ते पकडून 'व्हिक्टर' केलं, आणि नोव्हेंबर १८०९ मध्ये बंगालच्या उपसागरात 'बेलोन' या फ्रेंच फ्रिगेटने ते पुन्हा जिंकून घेतलं. तिसरं आपल्या मुंबईचं, सागवानी, १८१४ चं, दोन डोलकाठ्यांचं. तिघंही स्लूप, आणि पहिल्या दोघांचा वावर तर याच हिंदी महासागरात. नोंदीवर साल नसेल तर गल्लत झालीच समजा.

'बीगल'चंही तसंच. डार्विन ज्याच्यावर होता ते बीगल १८२० चं. त्याआधी १८०४ साली त्याच नावाचं, त्याहून मोठं अठरा तोफांचं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज होतं. म्हणून वहीत जहाजाच्या नावापुढे ते पाण्यात उतरल्याचं साल लिहायची सवय लावा: व्हिक्टर १७९८, व्हिक्टर १८०८, व्हिक्टर १८१४. पकडलेल्या जहाजाला पकडल्याचं साल लावा. एवढ्याने निम्मा गुंता सुटतो.

दुसरी पायरी: जहाजावर कोण होता, त्याचा हुद्दा शोधा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. घाई असेल तर बाकी सगळं सोडा, पण ही सोडू नका.

ब्रिटिश आरमारात मोठ्या जहाजांच्या सहा श्रेणी होत्या. नेपोलियनच्या काळात पहिलीत १०० किंवा जास्त तोफा, दुसरीत ९० ते ९८, तिसरीत साधारण ६४ ते ८०, चौथीत ५० ते ६०, पाचवीत ३२ ते ४४ आणि सहावीत २० ते २८. या सहाही श्रेणींच्या जहाजांवर पूर्ण हुद्द्याचा कॅप्टन असे. त्याला पोस्ट-कॅप्टन म्हणत. एकदा हा हुद्दा मिळाला की ज्येष्ठतेच्या यादीत नाव चढायचं आणि आयुष्य लाभलं तर माणूस ॲडमिरलपर्यंत आपोआप सरकत जायचा. सहाव्या श्रेणीतली २८ तोफांची ती फ्रिगेट. त्याच श्रेणीतली २० ते २४ तोफांची जहाजं फ्रिगेट म्हणण्याएवढी नव्हती, पण त्यांवर पोस्ट-कॅप्टन होता म्हणून त्यांना 'पोस्ट शिप' म्हणत.

त्याखालची सगळी बिनश्रेणीची. त्यातही दोन थर होते. ज्यावर कमांडर नेमलेला, ते स्लूप. ज्यावर लेफ्टनंट, ते गन-ब्रिग, कटर, स्कूनर वगैरे. कमांडर या हुद्द्याचं जुनं नाव 'मास्टर अँड कमांडर', कारण पूर्वी अशा लहान जहाजांना नौकानयनासाठी वेगळा मास्टर मिळत नसे. १७९४ साली नुसतं 'कमांडर' झालं. जहाजावर मात्र त्याला सगळे 'कॅप्टन'च म्हणत, तेव्हा पत्रात 'कॅप्टन अमुक' दिसलं तरी लगेच पोस्ट-कॅप्टन ठरवू नका.

म्हणजे स्लूप हा जहाजाचा आकार नाही, शिडांची रचनाही नाही. ती एका नेमणुकीची पातळी आहे. आजच्या शर्यतीच्या बोटींत एका डोलकाठीच्या बोटीला स्लूप म्हणतात, आणि तो अर्थ डोक्यात ठेवून जुन्या नोंदी वाचल्या की सगळं चित्रच चुकतं. आरमारी स्लूप दोन डोलकाठ्यांचं असे, तीन डोलकाठ्यांचंही असे.

इतकंच काय, एका स्लूपला एकही डोलकाठी नव्हती. कॅरिबियनमध्ये फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटाच्या दक्षिण टोकाजवळ डायमंड रॉक नावाचा सुमारे पावणेदोनशे मीटर उंचीचा उभा कातळ समुद्रातून वर आलाय. जानेवारी १८०४ मध्ये कमोडोर सॅम्युएल हुडने त्यावर माणसं उतरवली आणि दोरखंडांनी तोफा वर चढवल्या. कातळावर ठेवलेल्या या माणसांना पगार, शिधा, दारूगोळा आरमाराच्या कोणत्या खात्यातून द्यायचा? तर कातळालाच 'एचएमएस डायमंड रॉक' या नावाने स्लूप म्हणून नोंदवलं. लेफ्टनंट जेम्स विल्क्स मॉरिसला कमांडर करून त्याच्या ताब्यात दिलं. शंभराहून जास्त माणसं तिथे राहिली आणि दीड वर्षाच्या आसपास त्यांनी मार्टिनिकची वाहतूक छळली. जून १८०५ मध्ये फ्रेंच ॲडमिरल व्हिलनव्हच्या ताफ्याने घेराव घातला तेव्हा दारूगोळा संपत आल्यावरच त्यांनी कातळ खाली केला. आरमाराच्या कागदांत ते एक स्लूप गमावल्यासारखंच होतं.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. 'बाउंटी' मुळात हलच्या गोदीत १७८४ साली बांधलेलं 'बेथिया' नावाचं व्यापारी जहाज. लांबी सुमारे ९० फूट, डोलकाठ्या तीन. १७८७ साली आरमाराने ते ब्रेडफ्रूटची रोपं आणण्यासाठी विकत घेतलं आणि नोंद केली कटर म्हणून. खऱ्या कटरला एकच डोलकाठी असते, पण इथे तो शब्द फक्त सर्वांत खालची पायरी दाखवतो. या एका नोंदीचे परिणाम मोजा. विल्यम ब्लाय लेफ्टनंटच राहिला. जहाजावर राजाची सनद असलेला दुसरा एकही अधिकारी नव्हता. मरीन शिपाईही मिळाले नाहीत. २८ एप्रिल १७८९ च्या पहाटे फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याचे साथीदार हत्यारं घेऊन ब्लायच्या खोलीत शिरले, तेव्हा दाराशी पहारा द्यायला कुणी नव्हतं. बंडाची कारणं अनेक होती, पण ते इतक्या सहज पार पडलं याचा एक धागा लंडनमधल्या त्या वर्गवारीपर्यंत जातो.

हुद्दा शोधायचा कसा? लढाईचा अहवाल असेल तर खालची सही बघा. आरमाराच्या छापील याद्यांत अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यानुसार असतात. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कॅप्टनांच्या रोजनिश्या आणि हजेरीपट आहेत, त्यांचे अनुक्रमांक घरबसल्या शोधता येतात. नुसतं तैलचित्र हाताशी असेल तर खांद्यांकडे बघा. १७९५ ते १८१२ या काळात कमांडरच्या फक्त डाव्या खांद्यावर झालरीचा बिल्ला असे. तीन वर्षांपेक्षा कमी ज्येष्ठता असलेल्या कॅप्टनच्या उजव्या, आणि त्याहून जुन्याच्या दोन्ही खांद्यांवर. चित्र छापताना डावं-उजवं उलटलेलं असू शकतं, तेव्हा कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत तेही तपासा.

तिसरी पायरी: डोलकाठ्या मोजा, शिडं बघा

आता जहाजाकडे वळू. चित्रात डोलकाठ्या मोजताना पुढच्या टोकाला तिरकी बाहेर आलेली काठी मोजू नका. तो बोस्प्रिट. त्यानंतर शिडं आडवी आहेत की लांबीच्या दिशेने, ते बघा. आडव्या काठीला टांगलेलं चौकोनी शीड वारा मागून असताना जोर देतं. आपल्या मचव्यासारखं लांबीच्या दिशेने पसरलेलं शीड वाऱ्याच्या तोंडावर चढायला सोयीचं.

तीन डोलकाठ्या, तिन्हींवर चौकोनी शिडं: शिप-स्लूप. दोन डोलकाठ्या, दोन्हींवर चौकोनी शिडं: ब्रिग-स्लूप किंवा गन-ब्रिग. या दोघांतला फरक पुन्हा कमांडर की लेफ्टनंट, इथेच येतो. दोन डोलकाठ्या आणि मुख्य शिडं लांबीच्या दिशेने: स्कूनर. एकच उंच डोलकाठी, अवाढव्य मोठं मागचं शीड आणि लांबलचक बोस्प्रिट: कटर. दोन डोलकाठ्या, पण पुढची उंच आणि मागची ठेंगणी: केच.

ब्रिग आणि स्नो यांचा फरक बारीक आहे. दोघांनाही दोन डोलकाठ्या, दोघांचीही शिडं चौकोनी. ब्रिगचं मागचं लांबीच्या दिशेचं शीड थेट मुख्य डोलकाठीलाच जोडलेलं असतं. स्नोमध्ये मुख्य डोलकाठीच्या अगदी पाठीला चिकटून एक बारीक तिसरी काठी उभी असते आणि ते शीड तिच्यावर चढतं. छापील चित्रात ही काठी म्हणजे जाड रेघेच्या मागे केसाएवढी रेघ. भिंग घ्या आणि डेकपासून वर, मुख्य डोलकाठीवरच्या पहिल्या चौथऱ्यापर्यंत नजर नेत जा. दोन रेघांच्या मधून आभाळ दिसलं तर स्नो.

डोलकाठ्यांवरून जहाजाचा साचा ओळखू येईल असं मात्र समजू नका. सर विल्यम रूलने १७९६ च्या सुमारास एका साच्यावरून दोन प्रकार काढले. त्याच अंगावर दोन डोलकाठ्या उभ्या केल्या तो 'क्रूझर' वर्ग, तीन उभ्या केल्या तो 'स्नेक' वर्ग. तीन डोलकाठ्यांचं पहिलं व्हिक्टर स्नेक वर्गातलं, आणि मुंबईचं व्हिक्टर क्रूझर वर्गातलं. मला हे कळलं तेव्हा दोन्ही व्हिक्टर एकमेकांची भावंडं वाटू लागली. ब्रिगला माणसं आणि दोरखंड कमी लागतात आणि ते चटकन वळतं, म्हणून आरमाराने क्रूझर वर्गाची शंभराहून जास्त जहाजं बांधली. पण दोनांतली एक डोलकाठी तोफगोळ्याने तुटली की ब्रिग जवळजवळ पांगळं. तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला सावरायला थोडा वाव उरतो.

चौथी पायरी: तोफांचा आकडा तपासून घ्या

'अठरा तोफांचं स्लूप' म्हणजे डेकवर अठराच तोफा, असं धरून चालू नका. १७७० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यातून कॅरोनेड नावाची आखूड, हलकी, पण जड गोळा फेकणारी तोफ आली. लांब तोफांच्या जोडीला म्हणून चढवलेली कॅरोनेड कित्येक वर्षं जहाजाच्या आकड्यात धरलीच जात नव्हती. फेब्रुवारी १८१७ मध्ये नियम बदलला आणि सगळ्या तोफा मोजायचं ठरलं. त्यामुळे एकच जहाज १८१६ आणि १८१८ च्या याद्यांत वेगवेगळ्या आकड्यांनी दिसतं. ते वाढलेलं नसतं, मोजणी बदललेली असते.

मुंबईतलं उदाहरण घ्या. 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबई गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली पाण्यात उतरली. जुन्या मोजणीने ती ३८ तोफांच्या वर्गातली, नव्या मोजणीने ४६. पुढे १८४० च्या दशकात तोफा कमी करून तिचं २६ तोफांचं कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून खालच्या पातळीचं जहाज केलं. हार्टलपूलला आज ती जतन करून ठेवलीय. तिथली माहिती वाचताना हे तीन आकडे लक्षात ठेवा, म्हणजे गोंधळ उडणार नाही.

आकड्यापेक्षा एका बाजूच्या माऱ्याचं वजन काढणं जास्त उपयोगी. तोफेची ओळख तिच्या गोळ्याच्या वजनावरून होते. क्रूझर वर्गाच्या ब्रिगवर ३२ पौंडी कॅरोनेड सोळा आणि सहा पौंडी लांब तोफा दोन. एका बाजूला आठ कॅरोनेड म्हणजे २५६ पौंड, अधिक एका लांब तोफेचे ६, एकूण २६२ पौंड. आता २८ तोफांची जुनी फ्रिगेट घ्या. तिच्या मुख्य डेकवर नऊ पौंडी चोवीस, म्हणजे एका बाजूने १०८ पौंड. कागदावर लहान असलेलं ब्रिग जवळून दुपटीहून जास्त लोखंड फेकतं. पण कॅरोनेडचा पल्ला आखूड. लांब तोफांच्या जहाजाने अंतर राखून मारा केला तर ब्रिगला उत्तर देता येत नाही.

याउलट 'स्पीडी'. १७८२ चं ब्रिग, चार पौंडी चौदा तोफा. सात चोक अठ्ठावीस, एका बाजूने सगळे मिळून २८ पौंड. कमांडर थॉमस कॉक्रनने आठवणींत लिहिलंय की एका माऱ्याचे सगळे गोळे आपण खिशात घालून डेकवर फिरू शकत होतो. याच जहाजाने ६ मे १८०१ ला बार्सेलोनाजवळ ३२ तोफांच्या 'गामो' या स्पॅनिश जहाजाला अंगाला अंग लावून पकडलं. स्पीडीवर ५४ माणसं, गामोवर ३१९. स्पीडी इतकं खुजं होतं की गामोच्या तोफा खाली वळेनात, गोळे डोक्यावरून जात राहिले. त्याच वर्षी कॉक्रनला पोस्ट-कॅप्टन केलं.

चित्रात तोफांच्या खिडक्या मोजून दुप्पट करणं हा अंदाज म्हणून ठीक. पुढच्या टोकाची खिडकी बऱ्याचदा रिकामीच असते, एवढं ध्यानात ठेवा.

पाचवी पायरी: टनांचं गणित स्वतः करा

जुन्या कागदांतले टन हे वजन नाही. बांधणीच्या मापांवरून काढलेला तो एक ठरीव आकडा. रीत अशी: गणितासाठी धरलेली कण्याची (जहाजाच्या तळाच्या मुख्य वाशाची) लांबी, गुणिले रुंदी, गुणिले रुंदीचा निम्मा, भागिले ९४. मापं फुटांत.

क्रूझर वर्गाचा आराखडा घ्या. कणा ७७ फूट साडेतीन इंच, म्हणजे ७७.२९ फूट. रुंदी ३० फूट ६ इंच, म्हणजे ३०.५. निम्मी रुंदी १५.२५. आधी ३०.५ गुणिले १५.२५, आले ४६५.१. त्याला ७७.२९ ने गुणलं की सुमारे ३५,९५०. भागिले ९४, उत्तर ३८२ टन. आराखड्यावरचा आकडाही ३८२ च आहे.

इथे एक चूक हमखास होते. याद्यांत डेकची लांबीही दिलेली असते, या वर्गासाठी १०० फूट. ती गणितात घातली तर ४९५ टन येतात. शंभराहून जास्त टनांचा फरक पडला तर समजा, चुकीची लांबी उचललीय.

टनांचा खरा उपयोग अनोळखी जहाज कोणत्या वर्गाजवळ बसतं ते बघायला होतो. ३८० च्या आसपास आणि दोन डोलकाठ्या असतील तर क्रूझर वर्ग आधी तपासा. २३५ च्या आसपास असेल तर 'चेरोकी' वर्ग. हेन्री पीकने १८०७ साली आखलेली दहा तोफांची ही ब्रिगं, लांबी ९० फूट, यांचीही शंभराहून जास्त बांधणी झाली. खवळलेल्या समुद्रात ती इतकी बुडाली की खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. डार्विनचं बीगल याच वर्गातलं, आणि १८२५ साली त्याला तिसरी डोलकाठी लावली गेली. मुंबई गोदीनेही या वर्गातली दोन बांधली, 'स्फिंक्स' १८१५ ला आणि 'कॅमेलियन' १८१६ ला. क्रूझर वर्गातलीही दोन, १८१४ चं व्हिक्टर आणि १८१५ चं 'झेब्रा'.

सहावी पायरी: खास कामाचं जहाज तर नाही?

बॉम्ब जहाज आणि फायरशिप (पेटवून शत्रूच्या ताफ्यात सोडायचं जहाज) दोन्हींवर कमांडर असे, म्हणून यादीत ती स्लूपच्याच पातळीला बसतात. बॉम्ब जहाजावर तटबंदीच्या वरून स्फोटक गोळे टाकणाऱ्या उखळी तोफा असत. त्यांचा हादरा सोसायला लाकूडकाम जबरदस्त भक्कम. आधी ही केचच्या रचनेची होती, म्हणजे पुढच्या भागात डोलकाठी नसल्याने उखळींना मोकळी जागा मिळे. नंतर तीन डोलकाठ्यांची आली. नावावरूनही सुगावा लागतो: व्हेसुव्हियस, एटना, हेक्ला ही ज्वालामुखींची नावं बॉम्ब जहाजांना शोभून दिसत. 'टेरर' १८१३ चं आणि 'एरेबस' १८२६ चं, दोन्ही मुळात बॉम्ब जहाजं. त्या भक्कम बांध्यामुळेच त्यांना बर्फात पाठवलं. १८४५ साली जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेबरोबर ती आर्क्टिकमध्ये गेली आणि परतली नाहीत. एरेबस २०१४ ला, टेरर २०१६ ला समुद्रतळाशी सापडलं.

गन-ब्रिग मात्र वेगळी जात: बारा-चौदा तोफा, पन्नासेक माणसं, उथळ पाण्यात जाईल असा तळ आणि वर लेफ्टनंट. त्यावर कमांडर नेमला की तेच यादीत ब्रिग-स्लूप झालेलं दिसेल.

सातवी पायरी: दुसऱ्या आरमारांचे शब्द जसेच्या तसे लावू नका

फ्रेंच ज्याला कॉर्व्हेट म्हणत, ते पकडल्यावर इंग्रज सहसा स्लूप नाहीतर पोस्ट शिप करत. दुसरं व्हिक्टर तसंच. अमेरिकनांचंही स्लूप होतं, पण १८ ऑक्टोबर १८१२ ची लढत बघा: अमेरिकेचं 'वॉस्प' तीन डोलकाठ्यांचं, ब्रिटनचं 'फ्रॉलिक' क्रूझर वर्गातलं दोन डोलकाठ्यांचं. दोन्हीकडच्या कागदांत 'स्लूप' एवढंच वाचून बरोबरीचं जहाज समजलं तर फ्रॉलिकची अडचण कळत नाही. वादळात त्याच्या मुख्य डोलकाठीची आडवी काठी आधीच मोडलेली होती. फ्रॉलिक हरलं, आणि त्याच दिवशी चौऱ्याहत्तर तोफांच्या ब्रिटिश 'प्वाक्तिए'ने दोन्ही जहाजं ताब्यात घेतली.

आपल्याकडे खबरदारी जास्त हवी. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत तीन डोलकाठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत आणि दोनची दीडशेपर्यंत दिलीय, पुढे निमुळतं टोक आणि त्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत म्हणजे सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. तीन डोलकाठ्यांची गुराब टनांनी स्लूपच्या जवळ येते, पण लढण्याची रीत निराळी. वारा पडला की गलबतं वल्ह्यांवर ओढून गुराबेला शत्रूच्या मागच्या बाजूस नेऊन उभी करत. म्हणून स्लूपचं भाषांतर 'गलबत' करू नका, आणि गुराबेला 'फ्रिगेट' म्हणून मोठेपणाही देऊ नका. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गावर चाल केली तेव्हा मोठ्या जहाजांबरोबर 'ब्रिजवॉटर' हे सहाव्या श्रेणीचं आणि 'किंगफिशर' हे स्लूप होतं. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या माऱ्यात जळालं. मराठीत तो प्रसंग लिहिताना दोन्ही बाजूंची जहाजं आपापल्या नावांनी राहू द्या.

शेवटी: नोंद लिहा

सगळ्या पायऱ्या झाल्या की एका जहाजाला एक ओळ. आराखडे ताडून बघायचे तर ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आरमाराचे मूळ नकाशे आहेत, त्यांतले बरेच संकेतस्थळावर दिसतात. आराखड्यातले आकडे आणि प्रत्यक्ष बांधलेल्या जहाजाचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून कोणते घेतले तेही लिहा. माझ्या वहीतली दुरुस्त केलेली नोंद आता अशी आहे:

व्हिक्टर, १८१४. मुंबई गोदी, सागवान. क्रूझर वर्ग, आराखडा विल्यम रूल. दोन डोलकाठ्या, ब्रिग-स्लूप, बिनश्रेणीचं, कमांडरच्या ताब्यात. ३२ पौंडी कॅरोनेड १६, सहा पौंडी २, एका बाजूचा मारा २६२ पौंड. आराखड्यानुसार ३८२ टन, माणसं १२१. १८४२ मध्ये व्हेराक्रूझहून हॅलिफॅक्सला निघालं, सगळ्या माणसांसह बेपत्ता.